‘नाही’ म्हणजे नक्की कशाला नाही?

शुक्रवारची संध्याकाळ. वीकएंडचे प्लॅन पक्के. आणि नेमका तेव्हाच टेस्टिंगवाल्यांचा फोन : ‘‘तुमचं सॉफ्टवेअर एकदम स्लो झालंय, बॉस!’’ कोडला कुणी हातही लावला नव्हता. बदल एकच. टीममधल्या नव्या मुलीनं कंपायलर अपग्रेड केला होता, जीसीसी १४. झालं! सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. खोटं कशाला बोलू, माझीसुद्धा.

ती निमूटपणे बसून राहिली आणि रात्री नऊला म्हणाली, ‘‘सर, हे बघा.’’ स्क्रीनवर एक ओळ होती : ‘एममॅप आहे का? नाही.’ आता लिनक्समध्ये एममॅप नाही म्हणजे पुण्यात अमृततुल्य नाही म्हणण्यासारखं! या सोयीमुळे फाइल थेट मेमरीत जोडता येते. ती ‘नाही’ म्हटल्यावर आमचा प्रोग्राम गुपचूप जुन्या, संथ पद्धतीनं तुकडे-तुकडे वाचत बसला होता.

गंमत अशी, की बिल्डच्या आधी चालणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट सिस्टिमला काही विचारतच नाही. ती एक चिमुकला प्रोग्राम लिहिते आणि कंपाइल करून बघते. झाला तर ‘आहे’, नाही झाला तर ‘नाही’. का नाही झाला, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमच्या चिमुकल्या प्रोग्राममध्ये ‘एक्झिट’ वापरलं होतं, पण त्याची हेडर फाइल जोडलीच नव्हती. सी भाषेच्या १९९९च्या स्टँडर्डनं ही सवलत काढून घेतली होती. तरी जीसीसी इतकी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून देत होता. मे २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४नं तिची थेट एरर केली. एममॅप जागेवरच होतं, नापास झाली ती आमची परीक्षा.

आणि ती परीक्षा लिहिली होती कुणी? सात वर्षांपूर्वी, अस्मादिकांनी!

आमचा तर निव्वळ गाढवपणा होता. पण हाच प्रकार मुद्दामही करता येतो. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या कॉम्प्रेशन टूलमधला चोरदरवाजा उघडकीस आला आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतर कोड तपासताना सीमेकच्या एका चाचणीत एक एकटा टिंब सापडला. त्या टिंबामुळे चाचणी कधीच कंपाइल होणार नव्हती. म्हणजे प्रोग्रामला कुंपण घालणारी लिनक्सची ‘लँडलॉक’ ही सुरक्षा असूनही ‘नाही’ ठरणार, आणि बिल्ड मात्र सुखरूप पार! मूळ डेव्हलपरनं तो टिंब लगेच काढून टाकला.

तेव्हा दोस्तांनो, साधा फंडा. कंपायलर बदललात की जुन्या आणि नव्या बिल्डमधले ‘आहे-नाही’ शेजारी शेजारी ठेवून बघा. नको तिथे ‘नाही’ दिसलं, तर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडा. खरं कारण तिथेच लिहिलेलं असतं. जी सोय हवीच आहे, ती सापडली नाही तर बिल्ड थांबलंच पाहिजे, अशी सेटिंग करा.

सोमवारी मी सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हणालो. आता आमच्या सगळ्या चाचण्या तीच तपासते. सर्वांत आधी, माझ्या!