समुद्रकाठचा कट्टा आणि आपली प्रकृती



'रोज अर्धा तास चाला' ही ओळ मी दिवसातून किती वेळा लिहितो, याची मोजदाद ठेवलेली नाही. मधुमेह असो, उच्च रक्तदाब असो, गुडघ्यांची झीज असो वा निवृत्तीनंतर जडलेली उदासी असो, औषधांच्या यादीखाली ही ओळ असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टी ओलांडलेल्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवलेला आहे. शिवाय आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल सावरण्याचे आणि स्नायूंना बळ देणारे व्यायामही करावेत, असे म्हटले आहे. गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. सपाट, मोकळी आणि निर्धोक वाट मात्र मुंबईसारख्या शहरात शोधावी लागते. आपल्या इमारतीखालचा पदपथ आठवून पाहा. उखडलेल्या फरश्या, मध्येच उभी असलेली दुचाकी, दर वीस पावलांवर चढउतार. त्यावरून चालण्याचा सल्ला सत्तरीतल्या माणसाला देताना माझाच हात अडखळतो.

म्हणूनच मरीन ड्राइव्हचा कट्टा, वरळीचा समुद्रकिनारा, वांद्र्याचे कार्टर रोड आणि बँडस्टँड ही ठिकाणे मला केवळ प्रेक्षणीय स्थळे वाटत नाहीत. ती सार्वजनिक आरोग्याची साधने आहेत. त्यांतली काही तर नागरिकांनी प्रयत्नपूर्वक मिळवलेली आहेत. वांद्र्याच्या किनाऱ्यावरचे पदपथ १९९०च्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत आकाराला आले, ते स्थानिक रहिवासी संघटनांच्या पुढाकाराने आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या आराखड्यांवर. तिथे आज पहाटे काठी टेकत चालणाऱ्या आजोबांकडून कोणी तिकीट मागत नाही, हे सहज घडलेले नाही.

अलीकडे या यादीत नवी भर पडली. मुंबईच्या किनारी रस्त्यालगतचा समुद्रकाठचा पदपथ १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांसाठी खुला झाला. या रस्त्यासाठी समुद्रात भराव घालून जी जमीन निर्माण झाली, तिचा मोठा भाग मोकळा आहे आणि तिथे उद्याने व्हायची आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये या जागेवर उद्याने व पदपथ करण्यास परवानगी दिली, तेव्हाच ही जमीन निवासी किंवा व्यापारी विकासासाठी आता वा पुढेही वापरता येणार नाही, अशी अट घातली. तरीही २०२५ साली, या सुमारे ५३ हेक्टर मोकळ्या जागेचे सुशोभीकरण व देखभाल खासगी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून करून घ्यावी, या हेतूने महापालिकेने प्रस्ताव मागवले, आणि परिसरातील नागरिकांनी त्याला हरकत घेतली. हा खर्च महापालिकेने स्वतः करावा, असे त्यांचे म्हणणे. किनारी रस्त्यालगत मोठे जाहिरात फलक उभारण्याच्या बेतालाही असाच विरोध झाला.

सामाजिक दायित्व निधी म्हणजे व्यापार नव्हे, हे मला मान्य आहे. मग लोक इतके साशंक का, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर मुंबईच्या मैदानांच्या इतिहासात आहे. इथली कित्येक मैदाने व उद्याने देखभालीच्या नावाखाली खासगी संस्थांच्या हाती गेली. त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले आणि शेजारच्या चाळीतला म्हातारा फाटकाबाहेर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण पुन्हा संमत केले, तेव्हा नागरिकांनी एवढा गदारोळ केला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. ज्या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते आणि केंद्र सरकारचीच नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वे माणशी १० ते १२ चौरस मीटर सुचवतात, तिथे अशी शंका गैर म्हणता येणार नाही.

डॉक्टरांनी वैद्यकी सोडून या वादात का पडावे, असे एका स्नेह्यांनी मला विचारले. मला तर हा वैद्यकीचाच विषय वाटतो. समुद्रकाठच्या पदपथाचे व्यापारीकरण होते तेव्हा सहसा कोणी फाटक लावत नाही. पदपथ तिथेच असतो, समुद्रही तिथेच असतो. काही फुटांची रुंदी जाते, दोन-चार बाके हलवली जातात, दिवे प्रखर होतात, आवाज वाढतो. तरुणांना यातले काही जाणवतही नाही. वृद्ध मात्र एकेक करून यायचे थांबतात. ते तक्रार करत नाहीत. 'हल्ली जमत नाही' एवढेच म्हणतात, आणि घरचे समजतात की वय झाले.

बाकाचेच पाहा. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यातील पोकळी अरुंद होऊन मज्जातंतूंवर दाब येण्याचा विकार पुष्कळांना असतो. अशी व्यक्ती दोन-तीनशे पावले चालली की पायांत गोळे आल्यासारखे होते, मुंग्या येतात. थोडे पुढे वाकून बसले की पाच मिनिटांत बरे वाटते आणि पुन्हा तेवढेच चालता येते. तिच्यासाठी दोन बाकांमधले अंतर हीच चालण्याची मर्यादा असते. हृदय दुर्बल झालेल्यांचे आणि दम्याच्या रुग्णांचेही असेच. कट्टा उपाहारगृहाच्या टेबलखुर्च्यांनी अडवला आणि 'काही मागवणार असाल तरच बसा' असा व्यवहार सुरू झाला, तर हे लोक दुसऱ्या दिवशीपासून घराबाहेर पडत नाहीत. चहाचे पैसे परवडत नाहीत म्हणून नव्हे. रोज उठवले जाण्याचा अपमान नको म्हणून.

रुंदीचा प्रश्न तर त्याहून नाजूक. कंपवाताचे रुग्ण मोकळ्या जागी बऱ्यापैकी चालतात, पण दारातून किंवा चिंचोळ्या जागेतून जाताना त्यांची पावले अचानक जमिनीला खिळल्यासारखी होतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. दोन ठेल्यांच्या मधली चार फुटांची वाट तुम्हाआम्हाला पुरेशी असते, त्यांना ती भिंत असते. अशा क्षणी मागून कोणी घाईने ढकलले तर पडणे आलेच, आणि या वयात पडण्याचा अर्थ खुब्याचे हाड मोडणे असा होऊ शकतो.

स्वच्छतागृहाबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. इथे बोलू या. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी बहुधा सकाळीच घ्यायची असते. पुरुषांना प्रोस्टेटची वाढ, स्त्रियांना खोकताना-हसताना लघवी सुटण्याचा त्रास. कित्येक आजीबाई केवळ या धास्तीने फिरणे सोडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणी पिणे सोडतात. तेव्हा किनाऱ्याच्या 'विकासा'चा नकाशा कोणी दाखवला तर उपाहारगृहे किती, हे पाहण्याआधी मी विचारीन की स्वच्छतागृहे किती अंतरावर आहेत, त्यांत पकडायला दांडी आहे का, आणि ती पहाटे साडेपाचला उघडी असतात का. किनारी रस्त्यालगतच्या पदपथावर जाण्यासाठी भुयारी मार्ग आहेत. तिथे उताराची वाट आणि पुरेसा उजेड असणे, हाही याच मागणीचा भाग आहे.

प्रखर दिवे आणि जाहिरातींचे चमकते पडदे यांचा त्रास मोतीबिंदू असलेल्यांना किती होतो, याची कल्पना नगररचनाकारांना बहुधा नसते. आवाजाबाबत कायदा स्पष्ट आहे: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी संध्याकाळची ओळखीची, शांत वाट हा मोठा आधार असतो. तीच वाट कर्ण्यांनी आणि गर्दीने भरली की ती व्यक्ती बावरते, चिडते, आणि सांभाळणारी सूनही घायकुतीला येते. तिचाही तो दिवसातला एकमेव मोकळा तास असतो, हे आपण विसरतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. शहाळेवाला, चणेवाला, पहाटेचा चहावाला यांना हाकलण्याच्या बाजूचा मी नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर चालताना अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर जवळ कोणीतरी साखरेचा चहा देणारा असणे चांगलेच. (तरीही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवल्याशिवाय फिरायला निघू नये.) २०१४च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क दिलेला आहे. त्यांची जागा आखून द्यावी, एवढेच. टोपलीवाला संध्याकाळी घरी जातो. काँक्रीटचे बांधकाम एकदा झाले की ते जात नाही. देखभालीला पैसा लागतो, हेही खरे. पण तेवढ्यासाठी दीर्घ मुदतीचा करार करून लोकांची जागा दुसऱ्याच्या अटींवर सोपवावी काय, याचे उत्तर नकाशा मंजूर होण्याआधी मिळाले पाहिजे.

आता आपण काय करू शकता, ते पाहू. विरोध म्हणजे मोर्चाच असे नाही. विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी सूचनेच्या तारखेपासून एक महिन्यापर्यंतची मुदत असते. अशी सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरांत येते. घरात निवृत्त आजोबा रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत असतील, तर हे काम त्यांच्याकडेच द्या. किनारा नियमन क्षेत्रातील बांधकामाविषयीची तक्रार राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करता येते. आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून कराराची प्रत, त्याची मुदत आणि नकाशा मागता येतो; सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

हरकत लिहिताना 'आमच्या परिसराचे सौंदर्य नष्ट होईल' अशी मोघम वाक्ये टाळा. त्यांचे कागद फायलीत जातात. त्याऐवजी एका सकाळी नातवाला बरोबर घ्या आणि मोजा: सध्या किती बाके आहेत, दोन बाकांमध्ये किती पावले, पदपथाची रुंदी किती, सहा ते सात या वेळेत काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची घेऊन आलेले किती. मग लिहा, 'मी ७४ वर्षांचा आहे. मला सलग दोनशे पावलांपेक्षा अधिक चालता येत नाही. प्रस्तावित आराखड्यात अमुक बाक ते अमुक बाक हे अंतर पाचशे पावले होते.' खाली सही, पत्ता, तारीख. दाखल केल्याचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका. अशा पन्नास अर्जांना उत्तर देणे अधिकाऱ्यांना टाळता येत नाही, निदान अवघड तरी जाते. सही करायला येऊ न शकणाऱ्या शेजाऱ्यांचा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून कुटुंबीयांनी लिहून द्यावा.

किनाऱ्यावर मानवी साखळी किंवा मूक निदर्शने होणार असतील आणि आपल्याला जावेसे वाटत असेल, तर अवश्य जा. मात्र काही पथ्ये पाळा. नाश्ता आणि सकाळची औषधे घेऊन निघा, टोपी व पाण्याची बाटली बरोबर असू द्या, अर्ध्या तासाहून अधिक सलग उभे राहू नका. घडीचे स्टूल नेण्यात कमीपणा नाही. खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लाक्षणिक उपोषणात मधुमेहींनी, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी बसू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यांनी सह्यांच्या टेबलापाशी सावलीत बसावे. तिथेही माणसे कमीच असतात.

आणि तोवर चालणे थांबवू नका. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एका बाजूचा हात जड वाटल्यास तिथेच कट्ट्यावर बसा, शेजारच्याला हाक मारा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. घरी चालत जाण्याचे धाडस करू नका.