साठा घटला, की शेजारच्या गोदामात गेला?

अपव्यय छाटणारी लीन उत्पादन पद्धत म्हणजे शून्य साठा, हा समज पुरवठा साखळीत फार महागात पडतो. मोठी कंपनी ‘लागेल तेव्हाच माल द्या’ असे फर्मावते, पण स्वतःचे वेळापत्रक रोज बदलते. मग पुरवठादार धास्तीने तोच माल आपल्या गोदामात भरून ठेवतो. साठा तेवढाच राहतो, फक्त त्यावरचे व्याज दुसरा भरतो. टोयोटा म्हणूनच आधी आपले रोजचे उत्पादन समतोल करते आणि मगच कानबान कार्डांनी, म्हणजे वापरला तेवढाच माल मागणाऱ्या चिठ्ठ्यांनी, माल मागवते.

इतक्या कमी साठ्यावर ताणलेली साखळी एका धक्क्यात तुटते, हा आक्षेप पोकळ नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाची पुरवठादार आयसिन सेइकी हिच्या जपानमधील कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधले एका प्रकारचे व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे तिथेच बनत, आणि हाताशी साठा होता काही तासांचा. जपानमधले टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. पण कित्येक कंपन्यांनी (शिवणयंत्रवाल्या ब्रदरनेसुद्धा!) आराखडे मागवून तेच व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि आठवड्याभरात गाडी बरीचशी रुळावर आली. दर पाडून पाडून दमवलेले पुरवठादार असे धावले असते का? खरा दोष एकाच कारखान्यावर भिस्त ठेवण्यात होता. शिवाय गरज तिथे साठाही हवाच: जपानमधील २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला, मात्र त्यांच्याकडून मिळणाऱ्या दरकपातीतला काही वाटा परत देऊन त्याचा खर्च स्वतः उचलला. २०२१ च्या चिप-टंचाईत ती इतरांपेक्षा उशिरा अडखळली, ते बऱ्याच अंशी त्यामुळे.