यंदा गळाला मासा का लागला नाही?

राधानगरीहून बोलतोय. आजचा भाग गळ टाकणाऱ्यांसाठी.

मार्च-एप्रिल कोरडाच गेला. परवा भोगावतीच्या काठावर आम्ही चौघांनी नोंदी जुळवल्या. माझ्या एक्सेल शीटमध्ये, काकांच्या डोक्यात. माझे सहा रविवार, दोन बारके रोहू. काकांना मात्र दोनदा मरळ लागलेली. नदी तीच, मग असं का?

कारण ऑक्सिजन. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसात. आणि गरम पाण्यात माशाला उलट जास्त लागतो. त्यामुळं भर उन्हात रोहू-कटला सुस्तावतात, आमिषाला तोंड लावत नाहीत. मी जायचो अकरा वाजता!

मरळीचं गणित वेगळं. ती वर येऊन थेट हवा घेते, म्हणून उथळ, गवताळ कडेलाही टिकते. काकांचा गळ तिथंच असायचा.

म्हटलं, पुढच्या रविवारी मरळच! काका म्हणाले, "पाण्यात पिल्लांचा लालसर पुंजका दिसला, तर गळ गुंडाळायचा. आई-बाप राखणीला असतात. ते उचललेस की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात."

घरी येऊन माझी मागच्या वर्षीची रील परत बघितली. मरळ लागायच्या आधी पाण्यात लालसर डाग हलताना स्पष्ट दिसतो. सगळ्यात जास्त लाईक त्याच रीलला आहेत. आज ती डिलीट केली.

तुम्हीही आधी पाणी बघा, मग गळ टाका. भेटू पुढच्या भागात!