शाळाशाळांमधील पत्रव्यवहार आणि दूरस्थ वाचक : फ्रेने चळवळीचा विचार

मूल लिहावयास कसे शिकते, हा प्रश्न बहुधा मानसशास्त्राकडे सोपविला जातो. मूल कोणासाठी लिहिते, हा प्रश्न मात्र साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो. आणि विसाव्या शतकात तो आग्रहाने मांडला तो प्राथमिक शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय चळवळीने.

सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) यांनी दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू येथील आपल्या वर्गात १९२४ मध्ये छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी लिहिलेल्या मजकुरांपैकी एकाची निवड मुलेच करीत, फळ्यावर सर्व मिळून तो सुधारीत आणि खिळे जुळवून छापीत. पुढे ब्रिटनीतील त्रेगँ येथील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी या छापील मजकुरांची देवघेव सुरू झाली. एक गाव डोंगरातले, दुसरे समुद्राकाठचे. एका प्रदेशाची बोली प्रोव्हान्साल, दुसऱ्याची ब्रेतों. ओहोटी म्हणजे काय, हे समुद्राकाठच्या मुलाला शेजाऱ्यास सांगावे लागत नाही. डोंगरातल्या वाचकास मात्र सांगावेच लागते. लेखनातील स्पष्टता येथे शिक्षकाच्या लाल शाईतून येत नाही, तर वाचकाच्या अपरिचयातून येते. (ही देवघेव प्रमाण फ्रेंचमधूनच होई, ही तिची मर्यादाही नजरेआड करता येत नाही.)

शिक्षकांचे परस्परांशी चाललेले संशोधनही याच रीतीचे होते. त्यांच्या फिरत्या वह्या टपालाने एका गावाहून दुसऱ्या गावी जात; एकाने आपल्या वर्गातील अडचण नोंदवावी, पुढच्याने तिच्यावर आपला अनुभव लिहावा. अहवालात प्रश्न सुटल्यावर लेखन होते; येथे प्रश्न उघडा असतानाच ते होई, आणि म्हणून या वह्यांचे मोल अधिक मानावयास हवे.

स्पेनमधून निर्वासित झालेल्या पात्रिसियो रेदोंदो यांनी १९४० मध्ये मेक्सिकोत या पद्धतीची शाळा काढली. इटलीत १९५१ मध्ये शिक्षकांची सहकारी संस्था उभी राहिली. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

साहित्यदृष्ट्या सर्वांत फलदायी भेट इटलीत घडली. या चळवळीतील शिक्षक मारिओ लोदी १९६३ मध्ये बार्बियाना येथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेत गेले आणि दोन्ही शाळांतील मुलांचा पत्रव्यवहार सुरू झाला. लोदींच्या विद्यार्थ्यांना लिहावयाच्या पत्रासाठी बार्बियानाच्या मुलांनी सामूहिक लेखनाची रीत वापरली : प्रत्येक कल्पना स्वतंत्र चिठ्ठीवर लिहावयाची, चिठ्ठ्यांचे गट लावावयाचे, क्रम ठरवावयाचा, मग अनावश्यक शब्द गाळीत जावयाचे. याच रीतीने आठ मुलांनी १९६७ मध्ये ‘लेत्तेरा आ ऊना प्रोफेस्सोरेस्सा’ हे पुस्तक सिद्ध केले. गरीब घरच्या मुलांना नापास करून शाळेबाहेर लोटणाऱ्या व्यवस्थेवरचे ते आरोपपत्र होय. त्यातील निवेदक ‘मी’ एकच मुलगा भासतो; प्रत्यक्षात त्यात आठ जण सामावलेले आहेत. मात्र येथे वाचक बदलला. त्रेगँचा वाचक दूरचा सवंगडी होता. येथे संबोधिलेली व्यक्ती नापास करणारी शिक्षिका आहे. सवंगड्यासाठी कमावलेली स्पष्टता आता प्रतिवादासाठी कामी येते.

मराठीत हे पुस्तक ‘प्रिय बाई’ या नावाने आले. मूळ शीर्षकात शिक्षिकेचा हुद्दा आहे, तर पत्राच्या आरंभीच्या संबोधनात केवळ एका स्त्रीस दिलेला आदर. मराठीतील ‘बाई’ या एकाच शब्दात हुद्दाही येतो आणि संबोधनही. शिवाय त्यात प्राथमिक शाळेतील जवळीक मिसळते, जी इटालियन शीर्षकातील माध्यमिक शिक्षिकेच्या वाट्याला येत नाही.