रस्त्याकाठचा करंज

लोणी काळभोरला पुणे-सोलापूर रस्त्याकडेला झाड लावायचे, तर ते धूळ, धूर, उन्हाळा आणि चेपून कडक झालेल्या मातीला पुरून उरले पाहिजे. आपल्या नदीकाठांचा करंज असा चिवट आहे. त्याचे सोटमूळ खोल जाते. मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नायट्रोजन त्याला वापरता येईल अशा रूपात आणतात. विद्यार्थ्यांसमवेत रोपाची एखादी गाठ कापून पाहा. आत गुलाबी रंग दिसला, तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या भावंडाचा! मात्र मुळांना आणि जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन हवा. म्हणून बुंध्याभोवती सिमेंट नको, माती मोकळी हवी.