पट्टी कुणाच्या नावाने?
सर्व्हरशी ओळख : भाग ६

मागच्या भागात डीएनएस पाहिले. नाव दिले की आकडी पत्ता मिळतो. पण दोन नावांना एकच पत्ता मिळाला तर?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे उघडा. नावे वेगळी, मजकूर वेगळा. आता दोन्हींवरची एखादी निविदेची पीडीएफ उघडा आणि वरचा पत्ता वाचा. फाइल 'एसथ्रीवास'वरून आलेली दिसेल. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ही सेवा देशभरातल्या जिल्ह्यांची संकेतस्थळे सांभाळते. म्हणजे अनेक नावे एकाच छपराखाली. प्रत्येक नावाला स्वतंत्र पत्ता देणे परवडणारेही नाही; जुन्या आयपीव्ही-४ पद्धतीत जगभराचे पत्ते मिळून जेमतेम ४३० कोटी.

एकाच ट्रॅक्टरमधून दोघा भावांचे सोयाबीन आले, की लातूरच्या आडतीवर मुनीम आधी विचारतो, पट्टी कुणाच्या नावाने? एकाच पत्त्यावर अनेक नावांच्या मागण्या येत असूनही सर्व्हरला तेवढे विचारावे लागत नाही. ब्राउझर मागणीसोबत 'होस्ट' नावाची एक ओळ पाठवतो, तिच्यात संकेतस्थळाचे नाव असते. १९९७ साली एचटीटीपी १.१ ने ही ओळ सक्तीची केली आणि व्हर्च्युअल होस्टचा, म्हणजे एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे चालवण्याचा, रस्ता मोकळा झाला.

उबुंटूवरच्या 'अपाची' या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी 'साइट्स-अव्हेलेबल' फोल्डरात एक फाइल करायची. तिच्यात व्हर्च्युअलहोस्टचा ब्लॉक, आणि ब्लॉकमध्ये मुख्य ओळी तीनच. 'सर्व्हरनेम'मध्ये नाव, 'सर्व्हरअलियास'मध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकटचे नाव, 'डॉक्युमेंटरूट'मध्ये पाने ठेवलेला फोल्डर. मग 'एटूएनसाइट'ने फाइल चालू करायची, 'कॉन्फिगटेस्ट'ने तपासायची आणि अपाची रीलोड करायचा.

खरी गंमत पुढे आहे. आलेले नाव कुठल्याच ब्लॉकशी जुळले नाही, तर अपाची तक्रार करत नाही. पहिल्या ब्लॉकचे पान मुकाट्याने देतो. पहिला कोण, हे फाइलच्या नावाच्या वर्णक्रमावर ठरते. मूळची '०००-डिफॉल्ट' फाइल बंद असेल, तर लातूरच्या फाइलीचा एल आधी, नांदेडच्या फाइलीचा एन नंतर. म्हणजे नांदेडच्या 'सर्व्हरनेम'मध्ये एक अक्षर चुकले की नांदेडच्या नावावर लातूरचे पान! मंडळी मग डीएनएसला दोष देत बसतात. त्याऐवजी 'अपाचीसीटीएल'पुढे डॅश आणि मोठ्या लिपीतला एस लिहून आज्ञा द्या. कुठले नाव कुठल्या फाइलीत आणि डिफॉल्ट कोण, सगळे समोर येते. माझ्या मते अनोळखी नावांना सरळ नकार देणारा एक ब्लॉक सगळ्यात आधी असलाच पाहिजे.

सरावाला डोमेन विकत घेऊ नका. आपल्याच संगणकाच्या 'होस्ट्स' फाइलीत १२७.०.०.१ पुढे 'लातूर डॉट टेस्ट' आणि 'नांदेड डॉट टेस्ट' ही नावे इंग्रजी लिपीत लिहा. 'डॉट टेस्ट' हे १९९९ पासून चाचणीसाठीच राखीव आहे, ते कुणाला विकले जात नाही.

पुढच्या भागात एचटीटीपीएस घेऊ. तिथे 'होस्ट'ची ओळ कुलूपबंद येते, त्यामुळे पूर्वी नाव कळण्याआधीच प्रमाणपत्र दाखवायची पाळी यायची. तोवर ही दोन स्थळे उभी करून ठेवा.