पावसाच्या म्हणींतला ‘तर’

‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ या म्हणीला पुष्कळजण भाकीत समजतात आणि ते खोटं ठरलं की तिला अडाणी ठरवतात. हा अन्याय आहे. स्वातीत पाऊस पडेलच, असं म्हण सांगत नाही. पडला तर काय होईल तेवढंच सांगते. सूर्याचं स्वाती नक्षत्र साधारण 24 ऑक्टोबरला लागतं. तेव्हा सोलापूर-मराठवाड्यात रब्बीची ज्वारी नुकती वर आलेली असते आणि पुढे ती जमिनीतल्या ओलीवरच वाढते, म्हणून ही सर मोलाची. तारीख, पाऊस आणि परिणाम यमकात बांधले, की एक आठवताच बाकीची दोन मागोमाग येतात.

मग ‘पडतील चित्रा, तर भात खाईना कुत्रा’ हे उलटं कसं? चित्रा म्हणजे स्वातीच्या आधीचा पंधरवडा. कोकणात तेव्हा भात कापणीला आलेलं असतं. भिजलं की दाणा काळा पडतो, लोंबीतच मोड येतात. पीक वेगळं, माती वेगळी, म्हणून निष्कर्षही वेगळा. खरा आक्षेप निराळा आहे: नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, आणि बियाणंही बदलत जातं. हळव्या जातीचं भात तर चित्रा लागण्याआधीच कापून होतं. तिथे ही म्हण लावू नये.